एका बैठकीत महामार्गाला नाव, विद्यापीठाला सोळा वर्षे : हा न्याय कुणाचा?

सोलापुराहून अक्कलकोटकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी लागते. या रस्त्याने रोज काय जाते? स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्या जातात. उसाच्या ट्रॉल्या जातात. वळलेल्या विड्यांची पिशवी घेऊन निघालेल्या बाया जातात आणि एका मोटारसायकलवर तिघे बसून कामाला निघालेली पोरेही जातात.

मागे कुंभारीच्या स्टँडवर चहा पिताना आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "काका, समृद्धी महामार्गाला बाळासाहेब ठाकरेंचे नाव दिले. मुंबई-पुण्याच्या रस्त्याला यशवंतरावांचे आहे, शिवडीच्या पुलाला अटलजींचे आहे. मग हा रस्ता आपल्या बाबासाहेबांच्या नावाने का असू नये? मागणी करूया, मोर्चा काढूया."

पोराचा प्रश्न रास्त आहे. त्याला "बघू" म्हणून टाळणे आम्हाला पटत नाही. नावासाठी आमच्या समाजाने जेवढे भोगले तेवढे या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी भोगलेले नाही. म्हणूनच नाव म्हणजे काय, ते कोण देते, कुणाला देते आणि कुणाच्या खर्चाने देते, याचा हिशेब आम्हीच मांडला पाहिजे. तो इथे मांडतो.

आधी समृद्धीचे बघू. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, सुमारे ५५ हजार कोटींचा खर्च. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या महामार्गाला 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग' असे नाव देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा रस्ता पुरा झालेला नव्हता. मुख्यमंत्री बाळासाहेबांचेच चिरंजीव होते आणि त्यांच्या सरकारला सत्तेवर येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. विधिमंडळात चर्चा नाही, ग्रामसभा नाही, हरकती-सूचना नाहीत. एक बैठक झाली आणि नाव ठरले.

बाळासाहेब ठाकरे मोठे नेते होते, त्यांना मानणारे लाखो लोक आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण ते कधी निवडणूक लढले नाहीत, कोणतेही सरकारी पद त्यांनी घेतले नाही. एखादा लोकसेवक आयुष्यभर खात्यात राबतो, धरण बांधतो, रस्ता आखतो, म्हणून त्या कामाला त्याचे नाव द्यावे, असा युक्तिवाद निदान समजू शकतो. इथे तोही लागू होत नाही. एका पक्षाच्या संस्थापकाचे नाव सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेला दिले गेले, आणि ते देणारे सरकार त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालचे होते. सरकारातले बाकीचे दोन पक्ष गप्प बसले. पुढे सरकार बदलले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले, ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. मुख्यमंत्री आले आणि गेले, नावाला मात्र कुणीच हात लावला नाही. प्रस्थापित आपसात कितीही भांडोत, एकमेकांच्या पाट्या ते जपतात.

आता याच नागपूरहून निघालेली दुसरी एक वाट आठवा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहांचा ठराव होता तो, कुणा एका मंत्र्याची लहर नव्हे. आणि नाव कुणाचे होते? ज्यांनी औरंगाबादेत १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू करून मराठवाड्यातल्या गरिबांच्या पोरांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले, त्यांचे. एवढे असूनही मराठवाडा पेटवण्यात आला. दलित वस्त्या जाळल्या, विहिरी नासवल्या, माणसे गावातून हुसकावली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. ठराव कागदावर राहिला.

नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. विदर्भातल्या बाया-माणसांनी भाकरी फडक्यात बांधल्या आणि औरंगाबादेच्या दिशेने पायी चालायला सुरुवात केली. बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर त्यांना अडवले गेले, लाठ्या पडल्या, अटका झाल्या. तरी लढा थांबला नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळाले, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. ठराव होऊन साडेपंधरा वर्षे उलटली होती. आमची माणसे 'सोळा वर्षे' म्हणतात, कारण ज्यांचे घर जळाले त्यांना महिने मोजायला वेळ नव्हता.

या साडेपंधरा वर्षांत नामांतराला उघड विरोध करणाऱ्यांत शिवसेना होती. बाळासाहेबांनी आपली भूमिका कधी लपवली नाही. १९८७-८८ मध्ये बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'वरून वाद झाला तेव्हाही तो पक्ष विरोधात उभा होता. हा इतिहास आहे. आम्ही तो द्वेषापोटी उगाळत नाही. पण आज समृद्धी महामार्ग नागपूरहून निघतो, बुलडाण्यातून जातो आणि नामांतराच्या त्याच शहराजवळून मुंबईकडे वळतो. लाँग मार्च ज्या दिशेने चालत गेला त्याच दिशेला हा रस्ता आहे. ज्या नावासाठी लोक चालले ते मिळायला साडेपंधरा वर्षे लागली. ज्यांचा त्या नावाला विरोध होता त्यांचे नाव एका बैठकीत मिळाले. आणि या रस्त्यावर आज पायी चालायला बंदी आहे. उद्या कुणाला दीक्षाभूमीवरून पुन्हा पायी निघावेसे वाटले, तर समृद्धीच्या कुंपणाबाहेरून चालावे लागेल.

आम्हाला ठाऊक आहे, लगेच उलट प्रश्न येईल. "तुम्ही तर नावासाठी एवढे रान उठवले, मग दुसऱ्याच्या नावावर बोट का ठेवता? तुमचे नाव ते अस्मिता आणि आमचे नाव ते राजकारण?"

उत्तर सरळ आहे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, ज्याच्या वस्तीला महारवाडा, मांगवाडा म्हटले, ज्याच्या बापाचे नाव शाळेच्या दाखल्यात नुसत्या जातीसकट लिहिले, तो माणूस ज्ञानाच्या संस्थेवर आपल्या मुक्तिदात्याचे नाव मागतो तेव्हा तो हक्क सांगत असतो. "आम्हीही या राज्याचे मालक आहोत" असे तो म्हणत असतो. आणि सत्तेत बसलेला माणूस सरकारी मालमत्तेवर आपल्या घरातले, आपल्या पक्षातले नाव लावतो तेव्हा तो मालकी दाखवत असतो. शब्द एकच, 'नाव'. पण एक खालून वर गेलेली मागणी आहे आणि दुसरा वरून खाली आलेला हुकूम आहे. दोन्हींना एका तराजूत घालणारा माणूस भोळा नसतो, सोयीचा असतो.

आता रस्त्याकडे या. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये एक ओळ आहे, जी आमच्या प्रत्येक पोराला पाठ असली पाहिजे. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या असलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणावरही निर्बंध घालता येणार नाही. विहिरीच्या आणि तलावाच्या जोडीला रस्ता का आला? कारण या देशात रस्तासुद्धा जातीचा होता. १९२४ साली केरळात वायकोमला सत्याग्रह झाला, तो मंदिराच्या आत जाण्यासाठीसुद्धा नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून होता. १९२७ साली महाडला आम्ही चवदार तळ्यावर गेलो ते पाण्यासाठी, आणि सार्वजनिक म्हणजे सर्वांचे हे सिद्ध करण्यासाठी. आजही अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला रस्ता वापरण्यापासून अडवणे हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. पंचाहत्तर वर्षांनंतरही तो लिहावा लागतो, यातच सगळे आले.

म्हणून मोठ्या रस्त्यांना मोठी नावे मिळतात तेव्हा आम्ही एकच विचारतो, या रस्त्यावर जाऊ कोण शकतो? यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. राजीव गांधी सागरी सेतूवर बंदी. अटल सेतूवर बंदी. समृद्धीवर दुचाकी नाही, तीनचाकी नाही, ट्रॅक्टर नाही. सुरक्षिततेचे कारण सांगतात आणि ते खोटे नाही. ताशी १२० च्या वेगात मोटारसायकलवाला चिरडला जाईल, हे आम्हालाही कळते. आमचा प्रश्न पुढचा आहे. ५५ हजार कोटींचा रस्ता आखताना महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कष्टकऱ्यांचे वाहन दुचाकी आहे, हे आखणाऱ्याला माहीत नव्हते काय? वेगवान गाड्यांसाठी राजमार्ग होतो, तर त्याच्या कडेने मोटारसायकलला, सायकलला, बैलगाडीला सलग चांगला रस्ता का होत नाही? एप्रिल २०२५ पासून समृद्धीवर मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे, म्हणजे नागपूर ते आमणे एका बाजूने सुमारे १,४४५ रुपये. कुंभारीतल्या विडी वळणाऱ्या बाईला तेवढ्यासाठी किती हजार विड्या वळाव्या लागतील, हा हिशेब वाचकांनीच करावा. टोलनाका जात विचारत नाही, खरे आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या जमीन, व्यापार आणि शिक्षण ज्यांना नाकारले त्यांचेच खिसे सर्वांत रिकामे आहेत. त्यामुळे न विचारताही त्याला उत्तर मिळते.

आणि या रस्त्यासाठी कुणी काय दिले? जमीन थेट खरेदीने घेतली गेली, चांगला दर मिळाला असे सांगतात. शेतकऱ्याला मिळाला असेल तर त्याचे आम्हाला दुःख नाही. पण थेट खरेदीत पैसा त्यालाच मिळतो ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे. त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या खुरपणी-कापणी करणाऱ्या भूमिहीन मजुराचे काम त्या दिवशी संपले. त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून मोबदल्याच्या यादीत नाही. गायरानावर पोट भरणाऱ्याचे तेच. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, हजारो माणसे तुरुंगात गेली, ते याचसाठी की आमचे नाव जमिनीच्या कागदावर यावे. ते नाव अजून आलेले नाही. पाट्यांवर मात्र नावे झळकत आहेत.

हे फक्त तिकडचे आहे असे सोलापूरकरांनी समजू नये. सुरत-चेन्नई महामार्ग आपल्याच दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यातून जातो आणि मोबदल्यासाठी इथले शेतकरी रस्त्यावर उतरलेले आहेत. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा ८०२ किलोमीटर आणि बारा जिल्ह्यांचा आराखडा मांडला गेला, त्यात सोलापूरही आले. तिथे माणसाचे नाव नाही, देवीचे आहे. युक्ती तीच. नाव असे द्यायचे की विरोध करणारा आपोआप पापी ठरावा. जमीन का घेता, असे विचारले की देवीला विरोध! टोल का, असे विचारले की साहेबांचा अपमान! नावाची ढाल करून हिशेब चुकवायचा, हा या राज्यातला जुना धंदा आहे.

सर्वांत मोठा हिशेब तर मेलेल्यांचा आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धीच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर आणि यंत्र कोसळून वीस जण ठार झाले. त्यात कामगार होते, अभियंते होते, बरेच जण परराज्यांतून पोटासाठी आलेले होते. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, १ जुलैला, सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी जळून गेले. रस्त्यावर जागोजागी एका नावाचे फलक आहेत. त्या वीस जणांची नावे कुणाला आठवतात? कोणत्या मंत्रिमंडळाने त्यांच्यासाठी बैठक घेऊन एखाद्या पुलाला त्यांचे नाव दिले?

आमच्या सोलापूर जिल्ह्याला हे नवे नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा मेले, असे परंपरा सांगते. साल १३३८. वेठीला धरलेला मजूर कामावर मरतो, ही या जिल्ह्याची जुनी आठवण आहे. पंढरपुरात चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. जिवंतपणी बाहेर, मेल्यावरही बाहेर. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. कुणाचे नाव कुठे लिहावे, हे त्यांच्याकडून शिकावे.

आणि लोकसेवक कसा असतो, तेही त्यांच्याकडूनच शिकावे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पाटबंधारे, वीज आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम हे विषयही त्यांच्या अखत्यारीत होते. दामोदर खोरे, हिराकूड अशा प्रकल्पांची पायाभरणी त्या काळात झाली. त्या धरणांवर त्यांचे नाव नाही. कामगाराच्या कामाचे तास, खाणीतल्या बाईचे बाळंतपण, तिची मजुरी, हे त्यांनी कायद्यात आणले. व्यक्तिपूजेबद्दल १९४९ साली संविधान सभेत त्यांनी जो इशारा दिला तो आपणही विसरलो आहोत. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले होते.

हो, आपणही विसरलो आहोत. दुसऱ्यांना बोलताना स्वतःला सूट देणे आम्हाला जमणार नाही. आमच्या नेत्यांतही असे आहेत की एका चौकाला नाव, एका कमानीला निधी मिळाला की पुढची पाच वर्षे तोंड उघडत नाहीत. सत्ताधाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. शिष्यवृत्ती अडवायची, बॅकलॉग भरायचा नाही, गायरान नावावर करायचे नाही आणि एप्रिल आला की पाटीचे अनावरण करायचे. पाटी स्वस्त पडते! डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला होता. पण वस्ती गावाबाहेरच राहिली आणि गटारही तसेच राहिले, तर नुसत्या नावाने समता येते काय?

नाव कसे द्यावे याचे उदाहरण बघायला कुंभारीकरांना लांब जायची गरज नाही. इथे विडी कामगार बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्घाटनाला आले. पण वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचे, ज्यांनी १९४५ साली वारल्यांची वेठबिगारी मोडायला रान उठवले. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर झाले. त्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदींनी केले. 'रे' म्हणजे राजीव आवास योजना. दिल्लीत सरकार बदलले, योजनेचे नाव बदलून पंतप्रधान आवास झाले, लोकांच्या तोंडी रे नगर तसेच राहिले. लाल बावट्याशी आमचे मतभेद आहेत आणि राहतील. पण लढणाऱ्यांनी आधी घर मिळवले आणि नाव नंतर लावले, हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

एक, सार्वजनिक रस्ते, पूल, इमारती यांच्या नामकरणाचा कायदा करा. मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत नाव ठरता कामा नये. हरकती-सूचना मागवा, ज्या गावांतून रस्ता जातो तिथल्या ग्रामसभांचे मत घ्या.

दोन, सत्तेत असलेल्यांना स्वतःच्या नातेवाइकाचे किंवा पक्षाच्या संस्थापकाचे नाव सरकारी मालमत्तेला देण्यास त्या कायद्याने मनाई करा.

तीन, समृद्धीवर सरळांबे इथे आणि प्रत्येक महामार्गावर, काम करताना मेलेल्या मजुरांची नावे गाव-राज्यासह दगडावर कोरा.

चार, भूसंपादनात भूमिहीन शेतमजूर आणि गायरानधारक यांची यादी आधी करा, त्यांना पैसा आणि पर्यायी काम द्या, मग फीत कापा.

पाच, नवा द्रुतगती मार्ग झाला तर त्याच्या कडेने दुचाकी, सायकल आणि पायी माणसासाठी टोलविना सलग रस्ता झालाच पाहिजे.

आता त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर. कुंभारीवरून असेच पुढे अक्कलकोटच्या अंगाला गेले की वळसंग लागते. तिथे आमच्या माणसांना गावच्या पाण्याला शिवू देत नव्हते. त्यांनी हाताने स्वतःची विहीर खोदली आणि १९३७ साली बाबासाहेबांच्या हस्ते तिचे पाणी खुले केले. आजही लोक जयंतीला त्या विहिरीचे पाणी प्यायला जातात. कोणत्याही मंत्रिमंडळाने त्या विहिरीला नाव दिलेले नाही, तरी ती बाबासाहेबांची विहीर आहे.

तेव्हा बाळा, या रस्त्याला बाबासाहेबांचे नाव मागायचे असेल तर जरूर माग, आम्ही तुझ्याबरोबर आहोत. पण निवेदनात पहिली ओळ नावाची लिहू नकोस. पहिली ओळ लिही की विडी वळणाऱ्या बाईला हा रस्ता न घाबरता ओलांडता आला पाहिजे. दुसरी ओळ लिही की रस्त्यात ज्याचे काम गेले त्या भूमिहीनाचे नाव मोबदल्याच्या यादीत आले पाहिजे. तिसरी ओळ लिही की खडी फोडणाऱ्याचे नाव हजेरीवर आणि त्याची पूर्ण मजुरी त्याच्या हातात पडली पाहिजे. हे मिळाले की चौथ्या ओळीत बाबासाहेबांचे नाव लिही. मग ती पाटी कुणी उपकार म्हणून लावलेली नसेल.

जय भीम!